निशाण ओळखले, माणसे कोण ओळखणार?

पाणबुडीच्या संगणक गेमवर आखाडा बाळापूरच्या मास्तराने लिहावे, याचे काहींना हसू येईल. येऊ द्या. आमच्या कळमनुरी तालुक्यात मोठे पाणी म्हणजे इसापूरचे धरण. समुद्र पाहिलेली मुले माझ्या वर्गात हाताच्या बोटांवर मोजता येतील. तरी त्यातल्या काहींनी जुन्या लॅपटॉपवर अटलांटिक आणि पॅसिफिकमध्ये शेकडो जहाजे बुडवली आहेत. 'सायलेंट हंटर' ही मालिका जुनी झाली. तिचा तिसरा भाग २००५ साली आला, चौथा २००७ साली. जुनी आहे म्हणूनच ती आमच्याकडच्या सेकंडहँड मशीनवर चालते. स्टाफरूममध्ये यावर एकच मत ऐकू येते, गेम बंद करा, पोरं बिघडतात. माझी तक्रार वेगळी आहे. या गेममध्ये शिकण्यासारखे जे एक काम आहे तेच पोरे टाळतात, आणि गेमवाल्यांनीही ते अर्ध्यावर सोडून दिले आहे. ते काम म्हणजे ओळख पटवणे. समोरचे जहाज शत्रूचे की तटस्थ, हे ठरवणे.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तिसऱ्या भागात तुम्ही दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचे कप्तान असता, चौथ्यात अमेरिकन पाणबुडीचे. पेरिस्कोपमधून लांबवर धुराचा एक डाग दिसतो. तो जवळ येतो तसतसे डोलकाठ्या दिसू लागतात, मग धुराडे, मग जहाजाची नाळ. तुमच्याजवळ जहाजांच्या आकृत्यांचे एक पुस्तक असते. डोलकाठ्या किती, धुराडे मध्यावर की मागे, मालाच्या क्रेन कुठे, हे पाहत पाने उलटायची आणि जुळणारी आकृती शोधायची. आकृती जुळली की डोलकाठीची उंची कळते, उंचीवरून अंतर निघते, अंतरावरून टॉर्पेडोचा कोन. म्हणजे ओळख चुकली की नेमही चुकतो. पण आकृतीवरून जहाज कोणत्या जातीचे ते कळते, कोणाचे ते कळत नाही. एकाच बांधणीची जहाजे दहा देशांकडे असतात. त्यासाठी निशाण पाहावे लागते, आणि निशाण दिसण्याइतके जवळ जावे तर आपण दिसण्याची भीती. ज्याने रंगाची सोय बंद करून हा गेम खेळला, त्याला या एका क्षणात घाम फुटतो. खरे शिक्षण तिथे आहे.

रंगाची सोय म्हणजे काय? गेमच्या नकाशावर जहाजांच्या खुणा आपोआप रंगवून दाखवण्याची व्यवस्था आहे. शत्रू लाल, तटस्थ दुसऱ्या रंगात. पुस्तक उघडायला नको, निशाण पाहायला नको. लाल दिसले की सोड टॉर्पेडो. आमची पोरे हेच करतात. एकाला मी विचारले, "अरे, ते जहाज कोणाचं होतं?" तो म्हणाला, "सर, लाल होतं." बास, इतकेच. मी तरी ही सोय पहिल्या दिवशीच बंद करायला लावतो. माझ्या घरच्या आणि मोहल्ल्यातल्या मुलांना, नाव सांगितल्याबरोबर समोरच्याच्या नकाशावर आपला रंग बदलताना पाहण्याची सवय आहे. तीच मुले पडद्यावर दुसऱ्याला रंगावरून ओळखायला शिकत असतील तर मास्तर म्हणून मला गप्प बसता येत नाही.

गेमच्या बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तटस्थ जहाज बुडवले तर तो तुमचे गुण कापतो. आणि तटस्थ कोण, हे तारखेप्रमाणे बदलते. १९४१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे मालवाहू जहाज तटस्थ असते. डिसेंबरात तेच जहाज, तेच खलाशी, तोच माल, आणि आता ते लक्ष्य. हे पाहून नववीतल्या एका मुलाने विचारले, "मग सर, दुश्मन म्हणजे तारीख का?" इतिहासाच्या पुस्तकातल्या कोणत्याही स्वाध्यायाने हा प्रश्न त्याच्याकडून काढून घेतला नसता.

उर्दूत तटस्थाला 'गैरजानिबदार' म्हणतात, म्हणजे ज्याला कोणतीच बाजू नाही असा. मराठीतला शब्द आणखी बोलका आहे. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला, पाण्यात न उतरलेला. भर समुद्रातल्या जहाजाला आपण 'तटावर उभे' म्हणतो! पण दोन्ही शब्दांत एक गृहीत आहे, की माणसाला बाजू निवडता येते किंवा नाकारता येते. ज्याला दोन्ही करता येत नाही, ज्याच्या डोक्यावर दुसऱ्यानेच निशाण लावले आहे, त्याच्यासाठी दोन्ही भाषांत शब्द नाही. गेममध्येही रकाना नाही. आणि दुसऱ्या महायुद्धात आपण सगळे नेमके त्याच जागी होतो.

'तिलावा'चे उदाहरण घ्या. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे हे जहाज १९२४ साली बांधलेले, १०,००६ टनांचे. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ते मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले, मोंबासा आणि पुढे दरबान. जहाजावर ९५८ माणसे होती. त्यांतले ७३२ प्रवासी, बहुतेक भारतीय, आफ्रिकेत दुकान किंवा नोकरी असलेले, त्यांच्या बायका आणि मुले. २२२ खलाशी आणि ४ तोफची. २३ नोव्हेंबरच्या पहाटे जपानच्या आय-२९ या पाणबुडीने टॉर्पेडो मारला. जहाज लगेच बुडाले नाही. होड्यांत उतरलेली काही माणसे, आता वाचले म्हणून पुन्हा जहाजावर चढली, तेव्हा दुसरा टॉर्पेडो आला. २८० माणसे गेली. दोन दिवसांनी ब्रिटिश युद्धनौका 'बर्मिंगहॅम'ने बहुतेक वाचलेल्यांना उचलले आणि २७ तारखेला मुंबईला आणून सोडले.

आता हे जहाज गेमच्या नियमाने तपासा. निशाण ब्रिटिश. जपान-ब्रिटन युद्ध चालू. जहाजावर तोफ. म्हणजे शत्रू, शंभर टक्के. ओळख बरोबर, नेम बरोबर, १०,००६ टन जमा. आय-२९ च्या कप्तानाने गेम खेळला असता तर त्याला पूर्ण गुण मिळाले असते. युद्धाच्या कायद्याची भाषा थोडी निराळी आहे. पाणबुडीनेसुद्धा व्यापारी जहाज बुडवण्याआधी त्यावरच्या माणसांना सुरक्षित जागी पोचवावे, असा करार १९३६ साली लंडनमध्ये झाला होता आणि जपान, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका सगळ्यांनी तो मानला होता. मानला आणि पहिल्या संधीला समुद्रात फेकला, चौघांनीही. पण तो वाद बाजूला ठेवा. मला विचारायचे आहे ते एवढेच, त्या ७३२ प्रवाशांपैकी किती जणांनी जपानशी युद्ध पुकारले होते? आपल्या देशाला युद्धात ओढताना ब्रिटिश व्हाइसरॉयने आपल्या प्रतिनिधींनाही विचारले नव्हते. 'चले जाव'चा ठराव होऊन साडेतीन महिने झाले होते, पुढारी तुरुंगात होते. ज्या निशाणाला देश 'जा' म्हणत होता, त्याच निशाणाखाली ही माणसे बुडाली.

कोणी म्हणेल, हा जपानी क्रूरपणा होता, त्यात ओळखीचा काय संबंध? त्याने दोनच महिने पुढे यावे. तारीख २६ जानेवारी १९४३. १९३० पासून काँग्रेस हा दिवस स्वातंत्र्य दिन म्हणून पाळत होती, हे ध्यानात ठेवा. न्यू गिनीच्या उत्तरेला अमेरिकेच्या 'वाहू' या पाणबुडीने जपानचे 'बुयो मारू' हे जहाज बुडवले. निशाण जपानी, जहाजावर जपानी सैनिक. पुन्हा ओळख शंभर टक्के बरोबर. मग कप्तान मॉर्टनने पाणबुडी वर आणली आणि होड्यांवर, पाण्यातल्या माणसांवर तोफा-मशिनगन चालवल्या. त्याच्या हिशेबी ते सगळे जपानी होते. प्रत्यक्षात त्या जहाजावर पंजाब रेजिमेंटचे जवळपास पाचशे भारतीय युद्धकैदी होते. मलाया-सिंगापूरच्या लढाईत जपान्यांनी पकडलेले, म्हणजे अमेरिकेच्या दोस्तांचेच शिपाई. त्यांतले १९५ मेले. जपानी मेले ८७. मॉर्टनला त्या सफरीबद्दल नेव्ही क्रॉस मिळाला. मेलेल्यांत भारतीय जास्त होते, ही गोष्ट कित्येक वर्षांनी जपानी कागदपत्रांतून उजेडात आली.

'सायलेंट हंटर'चा चौथा भाग खेळणारा आमचा मुलगा अशाच अमेरिकन पाणबुडीत बसलेला असतो. पेरिस्कोपला डोळा लावून तो जपानी निशाण पाहतो आणि टॉर्पेडो सोडतो. खालच्या डेकवर त्याच्याच मुलखातली माणसे कोंडलेली असू शकतात, हे त्याला सांगणारी एक ओळ त्या गेममध्ये नाही. ब्रिटिश निशाणाखाली आपण जपानचे शत्रू. जपानी निशाणाखाली आपण अमेरिकेचे शत्रू. दोन्हीकडे ओळख अचूक, आणि दोन्हीकडे मेलेले आपले.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या देशभक्तीच्या मेसेजमध्ये कधीच नसते. १९४३ च्या एप्रिलअखेर मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मन पाणबुडीतून जपानी पाणबुडीत गेले. सोबत आबिद हसन होते, हैदराबादचे. आमचे बाळापूर तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होते, म्हणून आम्हाला या नावाचा अभिमान जरा जास्त. 'जय हिंद' ही घोषणा आबिद हसन यांनी दिलेली. हा प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगतो, मुले श्वास रोखून ऐकतात. ती जपानी पाणबुडी कोणती? आय-२९. पाच महिन्यांपूर्वी 'तिलावा' बुडवणारी. आणि नेताजींना पोचवल्यावर त्याच वर्षी जुलैत तिने 'रहमानी' बुडवले, मुंबईच्या मोगल लाइनचे जहाज. मोगल लाइन म्हणजे आमच्या आजोबा-पणजोबांना हजला नेणारी कंपनी.

यात नेताजींचा दोष शोधणारा माणूस मूर्ख किंवा लबाड असेल. त्यांना पाणबुडी निवडायची मुभा नव्हती आणि तिच्या आधीच्या सफरीची वही कोणी त्यांच्यापुढे ठेवली असेल असे मानायला आधार नाही. मला फक्त त्या रंगीत नकाशावाल्यांना विचारायचे आहे, आय-२९ ला कोणता रंग देणार? ती दोस्ताची होती की दुश्मनाची? २८० घरांना विचारा, एक उत्तर मिळेल. आझाद हिंद सेनेच्या शिपायाला विचारा, दुसरे मिळेल. दोन्ही उत्तरे आपल्याच माणसांची आणि दोन्ही खरी. या पाणबुडीला १९४४ च्या जुलैत 'सॉफिश' या अमेरिकन पाणबुडीने बुडवले. त्या कप्तानालाही टनेज मिळाले असेल.

आता नेहमीचा आक्षेप. "पाण्याखालून कप्तानाला कसं कळणार आत कोण आहे?" बरोबर आहे, नाहीच कळणार. १ एप्रिल १९४५ ला 'आवा मारू'चे तर सगळे कळवलेले होते. युद्धकैद्यांसाठी मदतीचे सामान नेल्यामुळे या जपानी जहाजाला अमेरिकेने सुरक्षित प्रवासाची हमी दिली होती, अंगावर पांढरे क्रॉस रंगवले होते. पण धुके होते. 'क्वीनफिश'ने रडारवरच्या ठिपक्याला युद्धनौका समजून टॉर्पेडो मारले. दोन हजारांहून जास्त माणसे मेली, एकच वाचला. कप्तानावर कोर्टमार्शल झाले. म्हणजे खूण, हमी, कागद सगळे असूनही ओळख चुकते. मग ज्या गेमला 'वास्तव' म्हणून विकले जाते, त्याने हे वास्तव का लपवावे? कप्तानाला त्या क्षणी कळू नये, कबूल. पण सफर संपल्यावर खेळणाऱ्याला कळायला काय हरकत आहे? गेम बंदरात परतल्यावर हिशेब देतोच, इतकी जहाजे, इतके टन. त्या हिशेबात माणसांची ओळ नाही. तटस्थाबद्दल गुण कापणारा गेम नैतिक हिशेब मानतो. तो फक्त निशाणापाशी थांबतो.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळे ऐंशी वर्षांपूर्वीचे, आता रडार आहे, उपग्रह आहेत. मग अरबी समुद्रातल्या २००८ च्या नोव्हेंबरकडे या. १८ तारखेला एडनच्या आखातात आपल्या 'आयएनएस तबर'ने समुद्री चाच्यांचे म्हणून एक जहाज बुडवले. देशभर टाळ्या वाजल्या. काही दिवसांनी कळले की ते थायलंडचे मासेमारी जहाज होते. चाच्यांनी ते ताब्यात घेतले होते आणि मूळ खलाशी त्यावर ओलीस होते. त्यांच्यातला एक जण समुद्रातून जिवंत सापडला, म्हणून हे कळले. नौदलाचे म्हणणे असे की जहाजावरून धमकी आली, हत्यारबंद लोक दिसले, म्हणून गोळीबार केला. ते म्हणणे खोटे ठरवायचे कारण माझ्याजवळ नाही. चाचे होतेच. पण तेवढेच नव्हते.

आणि आठच दिवसांनी याच्या बरोबर उलटे घडले. 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी बोट. निशाण आपले, नोंदणी आपली, आकार आपला. आकृत्यांच्या पुस्तकात पाहिली असती तर 'आपली' असेच उत्तर आले असते. तिच्यावरच्या मच्छीमारांना मारून दहा हल्लेखोर तिच्यातून मुंबईच्या दिशेने आले. २६ नोव्हेंबरच्या रात्री काय झाले ते सांगायला नको. त्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्याचे ठरले. म्हणजे सरकारलाही तेच सुचले जे मी म्हणतो आहे. बोट ओळखून भागत नाही, आतला माणूस ओळखावा लागतो. एका आठवड्यात, एकाच अरबी समुद्राच्या दोन टोकांना, दोन्ही प्रकारच्या चुका झाल्या. यावर कोणी गेम बनवलेला नाही.

जिथे ओळख सरळ असते तिथे मी गुंता करत नाही. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर'ने आपली 'खुकरी' बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ती युद्धनौका होती, युद्ध जाहीर होते, दोन्ही बाजूंना आपण कोण आहोत ते माहीत होते. पण त्याच आठवड्यात कराचीसमोर आपल्या क्षेपणास्त्र नौकेच्या माऱ्यात पनामाचे निशाण असलेले 'गल्फ स्टार' बुडाले आणि 'हरमॅटन' हे ब्रिटिश व्यापारी जहाज सापडले. पाकिस्तानच्या विमानांनी तर स्वतःच्याच 'झुल्फिकार' युद्धनौकेला भारतीय समजून झोडपले. विजयाच्या लेखांत ही नावे तळटीपेतही येत नाहीत.

'तिलावा'वर चांदीही होती, साधारण ६० टन, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारसाठी निघालेली. २०१७ साली एका खासगी कंपनीने ती समुद्रतळातून काढली. चांदी कोणाची आणि काढण्याचे पैसे कोणी द्यायचे यावर इंग्लंडमध्ये खटला चालला, आणि ८ मे २०२४ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल दिला. अडीच किलोमीटरपेक्षा जास्त खोल पाण्यात ७५ वर्षे पडलेल्या धातूच्या विटांची ओळख पटली, मालक सापडला, न्यायालय बसले. त्याच तळावर गेलेल्या २८० माणसांबद्दल आपल्या शालेय पुस्तकांत एक वाक्य नाही. टायटॅनिक मात्र आमच्या पाचवीच्या मुलालाही माहीत असते, हिमनगासकट.

म्हणून गेम बंद करा म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना माझा विरोध आहे. बंद केल्याने पोरगा तुमच्या पाठीमागे रंगीत नकाशा लावून खेळेल, एवढेच होईल. खेळू द्या, पण रंग बंद करून, पुस्तक उघडून, निशाण दिसेपर्यंत थांबून. आणि मग वहीत लिहायला लावा. माझ्याकडे येणाऱ्या चौघा-पाच जणांना मी हे करायला लावले आहे. वहीत तारीख, जहाजाची जात, निशाण, टनेज, आणि शेवटी एक रकाना 'आत कोण'. गेम तो रकाना भरून देत नाही. मग खऱ्या युद्धातले एक जहाज शोधून तो भरायचा. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली. तिसऱ्या आठवड्यात एकाने विचारले, 'रहमानी'वर कोण होते ते कुठे मिळेल. मुंबईच्या जुन्या वर्तमानपत्रांत, जहाज कंपन्यांच्या दप्तरांत, लंडनच्या अभिलेखागारात काही ना काही मिळेल, असे त्याला सांगितले आहे. यातले बाळापुरात बसून फारसे मिळणार नाही, हेही सांगितले आहे. त्याने तो रकाना कोरा ठेवला आहे आणि बाजूला पेन्सिलने लिहिले आहे, 'बाकी'.